आधी ‘साहित्य आणि पद्धती’ नीट करा, इंग्रजी नंतर

प्रश्न थोडक्यात असा: पदव्युत्तर प्रबंध पूर्ण झाला आहे. विषय दुभत्या गाईंमधला सुप्त कासदाह, म्हणजे बाहेरून लक्षणं न दिसणारी कासेची सूज. ४० गाई, १६० क्वार्टरचे (क्वार्टर म्हणजे कासेचा एका सडाचा चौथा भाग) दूधनमुने, सोमॅटिक सेल काउंट (दुधातल्या गाईच्या पेशींची संख्या, पुढे नुसता काउंट), जिवाणू संवर्धन, प्रतिजैविक संवेदनशीलता (कोणतं औषध जिवाणूवर चालतं) आणि शेवटी दोन उपचारांची तुलना. त्यावरून लिहिलेला निबंध एका पशुवैद्यकीय जर्नलने समीक्षकांकडे न पाठवताच आठवड्याभरात परत केला. गाईड म्हणतात, इंग्रजी सुधार आणि दुसरीकडे पाठव. तर नेमकं काय काय करायचं?

इंग्रजी सुधारायचंच आहे, पण सगळ्यात शेवटी. समीक्षकांपर्यंत न जाता परत येणाऱ्या निबंधांत निव्वळ भाषेमुळे परत आलेले कमीच असतात. विषय जर्नलच्या कक्षेत न बसणं हे एक कारण. दुसरं, आणि माझ्या मते जास्त खरं कारण हे, की ‘साहित्य आणि पद्धती’ हा काम कसं केलं ते सांगणारा भाग वाचून प्रयोग नेमका कसा झाला तेच संपादकाला कळत नाही. पत्रात मात्र ‘आमच्या कक्षेत बसत नाही’ एवढंच येतं, कारण ते लिहायला सोपं. समीक्षणासाठी निबंध आला की मी सारांश वाचतो आणि प्रस्तावना ओलांडून थेट पद्धतींवर जातो. चर्चा कमकुवत असेल तर पुन्हा लिहून घेता येते, तक्ते बदलता येतात. प्रयोगाची रचनाच चुकीची सांगितली असेल, किंवा सांगितलीच नसेल, तर पुढचं वाचण्यात वेळ घालवावासा वाटत नाही.

तुमचेच आकडे घेऊ. ४० गाई, १६० क्वार्टर. सांख्यिकी चाचणी लावताना नमुनासंख्या १६० धरली असणार, बहुतेक प्रबंधांत तसंच असतं. पण एकाच गाईचे चार क्वार्टर एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. गोठा तोच, दूध काढणारा हात किंवा यंत्र तेच, वेत तेच, प्रतिकारशक्ती तीच. एका क्वार्टरला संसर्ग असला की त्याच गाईच्या दुसऱ्यालाही असण्याची शक्यता वाढते. हे साम्य आकड्यात मांडता येतं. समजा, एका गाईच्या क्वार्टरमधला सहसंबंध ०.३ आहे. प्रत्येक गाईचे क्वार्टर ४, त्यातून १ वजा करा, उरलेल्याला सहसंबंधाने गुणा आणि १ मिळवा: १ + ३ × ०.३ = १.९. आता १६० ला १.९ ने भागा. उत्तर साधारण ८४. म्हणजे नमुने १६० गोळा केलेत, पण त्यात माहिती आहे ती ८४ स्वतंत्र नमुन्यांइतकी. १६० धरून काढलेली पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) उगाच लहान येते, आणि ‘फरक लक्षणीय आहे’ हे वाक्य त्या फुगलेल्या आकड्यावर उभं राहतं. हाच हिशेब पुढे गोठ्यांनाही लागू होतो, कारण एका गोठ्यातल्या गाईही एकमेकींसारख्या असतात.

उपाय अवघड नाही. उपचार कोणाला दिला, ते आधी ठरवा. इंजेक्शन स्नायूत किंवा शिरेत दिलं असेल तर उपचार गाईला मिळाला, म्हणून प्रयोगाचं एकक गाय. सडातून ट्यूब सोडली असेल तर क्वार्टर हे एकक मानता येतं, पण तेव्हाही विश्लेषणात गाय हा रँडम इफेक्ट घ्यावा लागतो, म्हणजे एका गाईच्या क्वार्टरमधलं साम्य हिशेबात धरावं लागतं. मिक्स्ड मॉडेल म्हणतात ते हेच. तुमच्या कॉलेजातल्या सांख्यिकी विभागाकडे कच्चा डेटा घेऊन जा आणि विश्लेषण पुन्हा करून घ्या. कदाचित फरक लक्षणीय राहणार नाही. चालेल. योग्य विश्लेषण केलेला ‘फरक आढळला नाही’ असा निबंध छापला जाऊ शकतो, चुकीच्या विश्लेषणातून आलेला लक्षणीय फरक मात्र चांगल्या समीक्षकाकडे टिकत नाही.

नमुनासंख्येबद्दल आणखी एक. प्रादुर्भावाचा, म्हणजे किती टक्के जनावरांना आजार आहे याचा, अभ्यास असला की निबंधात ३८४ हा आकडा हमखास येतो. तो येतो ५० टक्के अपेक्षित प्रादुर्भाव, ५ टक्के अचूकता आणि ९५ टक्के विश्वासपातळी धरून, आणि नमुने साध्या यादृच्छिक पद्धतीने निवडले असं मानून. गोठे निवडून त्यांतल्या सगळ्या गाई घेतल्या असतील तर ३८४ पुरत नाही, वरच्याच पद्धतीने काढलेला गुणक तिथेही लावावा लागतो. आणि आधी संख्या काढलीच नसेल, उपलब्ध गाई घेतल्या असतील, तर तसं सरळ लिहा. ‘शक्य तेवढ्या गाई घेतल्या’ हे वाक्य वाचून कोणी निबंध फेकत नाही. नंतर जुळवून आणलेलं गणित वाचून फेकतात.

आता उपचारांची तुलना. ‘गाई यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागल्या’ एवढ्यावर भागत नाही. कशी विभागणी केली? संगणकाने काढलेली क्रमवारी, की बिल्ल्याच्या क्रमांकानुसार एक इकडे एक तिकडे? दुसरी पद्धत यादृच्छिक नाही, आणि तशी केली असेल तर तसंच सांगा. दूध तपासणाऱ्याला गट माहीत होता का? कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट ही काउंटचा अंदाज देणारी चाचणी डोळ्यांनी वाचायची असते, त्यामुळे इथे हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ‘बरी झाली’ म्हणजे काय, हे उपचार सुरू होण्यापूर्वी ठरलं होतं का: काउंट प्रति मिलिलिटर २ लाखांच्या खाली येणं, की संवर्धनात जिवाणू न सापडणं, की दोन्ही? आणि उपचार न दिलेला गट होता का? सुप्त कासदाहाचे काही क्वार्टर औषधाशिवायच बरे होतात. शिवाय काउंट जास्त आहे म्हणून निवडलेल्या गाईंचा काउंट पुढच्या तपासणीत सरासरीकडे सरकतोच, काही दिलं नाही तरी. नियंत्रण गट नसेल तर दोन्ही उपचार ‘प्रभावी’ ठरतात आणि त्याला काही अर्थ राहत नाही. असा गट नसेल तर निष्कर्ष फक्त दोन उपचारांतल्या फरकापुरता ठेवा.

या सगळ्यासाठी तयार चेकलिस्ट आहेत. गोठ्यातल्या पशुधनावरच्या उपचारचाचण्यांसाठी २०१० चं रिफ्लेक्ट, निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी २०१६ चं स्ट्रोब-व्हेट, प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी अराइव्ह, ज्याची २.० आवृत्ती २०२० मध्ये आली आणि जिच्यात दहा अत्यावश्यक मुद्दे वेगळे काढले आहेत. तुमच्या कामात दोन भाग आहेत, म्हणून प्रादुर्भावाला स्ट्रोब-व्हेट आणि उपचाराला रिफ्लेक्ट. लोक ही चेकलिस्ट सबमिशनच्या रात्री भरतात आणि प्रत्येक मुद्द्यापुढे कुठला तरी पान क्रमांक टाकून मोकळे होतात. लिहायला बसण्याआधी ती भरा. ज्या रकान्यात लिहायला काहीच सापडत नाही, तिथे निबंधात भोक आहे.

पद्धतींच्या बारीकसारीक तपशिलात मी सगळ्यात आधी बघतो तो सेंट्रिफ्यूजचा वेग. ‘३००० आरपीएमवर १० मिनिटं’ या वाक्यावरून कोणालाही तुमचं काम पुन्हा करता येणार नाही. रोटरची त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर ३००० आरपीएमला साधारण १००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १००० पट बल) पडतो, १५ सेंटिमीटर असेल तर १५०० च्या आसपास. म्हणून नेहमी जी मध्ये लिहा, मशीनवर नसेल तर त्रिज्या मोजून काढा. दुसरी जागा संवेदनशीलता चाचणीची. म्युलर-हिंटन अगार आणि डिस्कची मात्रा सगळे लिहितात, पण झोनचा (डिस्कभोवती जिवाणू न वाढलेल्या वर्तुळाचा) अर्थ कोणत्या मानकाच्या कोणत्या आवृत्तीनुसार लावला ते राहून जातं. सीएलएसआय या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची पशुवैद्यकीय मानकं वेगळी आहेत, आणि सगळ्या औषधांसाठी, सगळ्या प्रजातींसाठी, सगळ्या आजारांसाठी त्यांत सीमा (किती मोठा झोन म्हणजे जिवाणू संवेदनशील) दिलेल्या नाहीत. काही ठिकाणी माणसांसाठीच्या सीमा वापराव्या लागतात. वापरल्या असतील तर कोणत्या औषधांसाठी ते सांगा, लपवू नका. औषधाचं नाव आधी जेनेरिक, मग ब्रँड आणि उत्पादक. डोस प्रति किलो वजन, मार्ग, किती वेळा, किती दिवस. वजन काट्यावर केलं की छातीचा घेर मोजून अंदाजाने काढलं, हेही. पीसीआर केलं असेल तर प्रायमरचा (चाचणीत वापरलेल्या छोट्या डीएनए तुकड्याचा) क्रम आणि संदर्भ द्या. रिअल-टाइम असेल तर त्यासाठीच्या माइक्वे नियमावलीप्रमाणे तपशील लागतो. सीक्वेन्स काढला असेल तर सबमिशनपूर्वीच जीनबँक या सार्वजनिक डीएनए संग्रहात टाकून अॅक्सेशन नंबर (नोंदीचा क्रमांक) घ्या. नंबर येतो आहे, नंतर कळवू, असं लिहिलेलं चालत नाही.

परवानगीचा मुद्दा वाटाघाटीचा नाही. प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी काम सुरू होण्याआधीची लागते, तिचा क्रमांक आणि तारीख लागते. खाजगी मालकाच्या गाई असतील तर मालकाची लेखी संमतीही लागते. फक्त दूधनमुने घेतले म्हणून सूट असेल, तर सूट दिल्याचं समितीचं पत्र मागवून ठेवा. मागच्या तारखेने मंजुरी मागण्याचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच सोडा. जर्नलला शंका आली तर ते थेट तुमच्या संस्थेला विचारतात.

लेखकांच्या यादीवरून भांडणं होतात म्हणून आधीच बोला. आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नलच्या संपादकांच्या समितीच्या चार अटी बहुतेक जर्नल मानतात: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात वैचारिक दुरुस्त्या करणं, अंतिम प्रतीला मान्यता आणि कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. चारही लागतात, एखादी पूर्ण करून चालत नाही. विभागप्रमुख या नात्याने नाव घालणं यात कुठेच बसत नाही. गोठ्यावर नमुने काढून देणारे पशुधन पर्यवेक्षक किंवा प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ यांचं आभारात नाव घ्या, पण त्यांनाही मसुद्यावर मत देण्याची संधी दिली तर ते लेखक होऊ शकतात, हा मार्ग आपल्याकडे कोणी वापरत नाही. वापरायला हवा. चॅटबॉट लेखक होऊ शकत नाही, हे कोप (प्रकाशनातली नीतिमत्ता पाहणारी संस्था) आणि आयसीएमजेई या दोन्ही संस्थांनी २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. भाषा सुधारायला वापरला असेल तर जर्नल सांगेल त्या जागी नोंद करा. त्याच्याकडून संदर्भ मात्र घेऊ नका. अस्तित्वातच नसलेले निबंध तो खऱ्या लेखकांच्या नावाने देतो, आणि समीक्षकाने एक डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) उघडून बघितला की सगळ्या निबंधावरचा विश्वास जातो.

प्रबंधाचा निबंध करताना कापायचं काय, तर पहिला बळी साहित्य समालोचनाचा. चाळीस पानांचं समालोचन तीन-चार परिच्छेदांच्या प्रस्तावनेत येतं: काय माहीत आहे, काय माहीत नाही, तुम्ही त्यातलं काय शोधलं. ‘दुग्धव्यवसाय हा अर्थव्यवस्थेचा कणा आहे’ इथून सुरुवात करू नका, पशुवैद्यकीय जर्नलचा वाचक ते जाणतो. निकालात तक्त्यातला आकडा मजकुरात पुन्हा लिहायचा नाही. टक्केवारीसोबत छेद द्या: ‘३५ टक्के’ ऐवजी ‘४० पैकी १४, म्हणजे ३५ टक्के’, आणि शेजारी ९५ टक्के विश्वास-अंतराल (खरा आकडा ज्या टप्प्यात असावा तो). पी व्हॅल्यू नेमकी द्या. ‘०.०००’ असं कधीच लिहू नका, सॉफ्टवेअरने तसं दाखवलं तर ‘०.००१ पेक्षा कमी’. अधिक-उणेच्या पुढे प्रमाण विचलन आहे की प्रमाण त्रुटी, हे प्रत्येक तक्त्याखाली लिहा. सोमॅटिक सेल काउंटची सरासरी थेट काढली असेल तर थांबा. तो डेटा एका बाजूला लांब पसरलेला असतो, लॉग घेऊन काम करावं लागतं किंवा मध्यक द्यावा लागतो. आणि ३० नमुन्यांत एकही पॉझिटिव्ह सापडला नाही म्हणजे प्रादुर्भाव शून्य, असं लिहू नका. अशा वेळी ३ ला नमुनासंख्येने भागलं की वरची मर्यादा मिळते: ३० नमुन्यांत शून्य म्हणजे खरा प्रादुर्भाव १० टक्क्यांपर्यंतही असू शकतो.

चर्चेचा पहिला परिच्छेद तुमच्या मुख्य निकालाने सुरू करा. तुमच्या आकड्याशी जुळणारे आणि न जुळणारे अभ्यास यांची यादी म्हणजे चर्चा नव्हे. न जुळण्याचं कारण काय असू शकेल ते सांगा: वेत, दूध देण्याचा टप्पा, जात, नमुना घेण्याची पद्धत. मर्यादा स्वतःच लिहा, नाहीतर समीक्षक लिहील आणि त्याची भाषा तुमच्याइतकी मवाळ नसेल.

चित्रांबद्दल थोडक्यात. सूक्ष्मदर्शकाच्या छायाचित्रावर स्केल बार हवा. ‘४०० पट’ असं लिहिणं निरर्थक आहे, कारण छापताना आकार बदलतो. छायाचित्रं साधारण ३०० डीपीआय, रेखाचित्रं १०००. उजेड बदलायचा तर सगळ्या चित्रावर सारखा, एका कोपऱ्यावर नाही. मूळ फाइल जपून ठेवा.

जर्नल निवडताना इम्पॅक्ट फॅक्टरच्या (जर्नलमधल्या निबंधांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो त्या आकड्याच्या) यादीत वरून खाली उतरत जाऊ नका. तुमच्या संदर्भयादीत कोणतं जर्नल वारंवार येतंय ते बघा, तुमचा वाचक तिथे आहे. मग त्याचे मागच्या वर्षभरातले अंक चाळा: एका जिल्ह्यातला प्रादुर्भाव छापतात का, की नवीन पद्धतच हवी असते? पुष्कळशा आंतरराष्ट्रीय जर्नलना फक्त स्थानिक महत्त्वाचा प्रादुर्भाव नको असतो, आणि तुमच्या पहिल्या नकाराचं खरं कारण हेही असू शकतं. बनावट जर्नल ओळखायला फार हुशारी लागत नाही: तीन दिवसांत स्वीकृती, इनबॉक्समध्ये गोड आमंत्रण, फी कुठे लिहिलेली नाही किंवा स्वीकृतीनंतरच कळते. त्याहून फसवी असतात ती खऱ्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळखक्रमांक) वापरून उभी केलेली नकली संकेतस्थळं. म्हणून शोधयंत्रातून आलेल्या दुव्यावर जाऊ नका. डीओएजे, स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या जर्नलच्या सूचींतून जर्नलच्या पानावर जा. आणि एका वेळी एकच जर्नल. उत्तर यायला उशीर होतोय म्हणून दुसरीकडेही पाठवणं हा गैरप्रकार धरला जातो. थांबायचं नसेल तर आधी लेखी माघार घ्या, त्यांची पोच येऊ द्या, मग पुढे जा.

सबमिशनच्या दिवशी बहुतेकांचा वेळ जातो तो फाइल शोधण्यात. जर्नलचं लेखकांसाठीचं सूचनापत्र छापून घ्या आणि त्यावर टिकमार्क करत जा: शीर्षकपान वेगळं, मुख्य हस्तलिखित वेगळं, ओळींना सलग क्रमांक, ऑर्किड (संशोधकाचा ओळखक्रमांक), निधीचा स्रोत, हितसंबंधांची घोषणा, डेटा कुठे मिळेल ते विधान, प्रत्येक लेखकाचं योगदान. जर्नल दुहेरी अनामिक समीक्षण करत असेल तर मुख्य फाइलमधून फक्त नावं काढून भागत नाही. समितीच्या मंजुरीतलं कॉलेजचं नाव, आभार, ‘आम्ही पूर्वी दाखवल्याप्रमाणे’ असं वाक्य आणि वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमधलं लेखकाचं नाव, हे सगळं राहून जातं. कव्हर लेटर एका पानाच्या आत: प्रश्न काय होता, काय सापडलं, याच जर्नलच्या वाचकाला ते का हवं. ‘आपल्या सुप्रतिष्ठित नियतकालिकात’ वगैरे नको. प्रबंध संस्थेच्या भांडारात खुला असेल तर तेही पत्रात सांगा. बहुतेक जर्नल त्याला पूर्वप्रकाशन मानत नाहीत, पण साम्य तपासणारं सॉफ्टवेअर तो प्रबंध पकडतं, आणि आधी सांगितलेलं बरं असतं.

समीक्षण आलं की दोन दिवस उत्तर लिहू नका. मग प्रत्येक शेरा कॉपी करून त्याखाली उत्तर, ओळ क्रमांकासह. ‘नमुनासंख्या अपुरी वाटते’ असा शेरा आला समजा. ‘सूचनेबद्दल आभार, योग्य ते बदल केले आहेत’ हे उत्तर नाही. असं लिहा: ‘सहमत आहोत. नमुनासंख्या प्रयोगापूर्वी काढलेली नव्हती, ते आता ओळ ११२ ते ११५ मध्ये नमूद केलं आहे. फरकाचा विश्वास-अंतराल तक्ता ३ मध्ये दिला आहे. निष्कर्षात “उपचार अ अधिक प्रभावी आहे” याऐवजी “या कळपात उपचार अ नंतर जास्त क्वार्टर बरे झाले” असा बदल केला आहे.’ नंतर काढलेली पॉवर (खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता) मात्र देऊ नका, ती पी व्हॅल्यूच वेगळ्या वेषात सांगते. समीक्षक चुकला असेल तर नाही म्हणा, पुरावा द्या. त्याने तुमचा मुद्दा चुकीचा समजला असेल तर वाक्यही बदला, कारण दुसरा वाचकही तिथेच अडखळेल. दोन समीक्षक परस्परविरोधी बोलत असतील तर तुम्ही कोणता मार्ग घेतला आणि का, हे संपादकाला उद्देशून लिहा. निर्णय त्याचा असतो.

इंग्रजीची पाळी आता, म्हणजे बाकी सगळं ठरल्यावर पण निबंध पाठवण्यापूर्वी, येते. कर्ता स्पष्ट, वाक्य छोटं, काळ एकसारखा. संदर्भ झोटेरोसारख्या संदर्भयादी सांभाळणाऱ्या साधनात ठेवा, मागे घेतलेले निबंध यादीत असतील तर ते तिथे लगेच दिसतात.

स्वीकृतीनंतर प्रूफ येतं आणि बहुधा दोन दिवसांत परत मागतात. ते घाईत वरवर चाळलं जातं. नावांची स्पेलिंगं बघा, पण त्याहून आधी डोस आणि एकक बघा. टाइपसेटिंगमध्ये फॉन्ट बदलताना मायक्रोचं ग्रीक चिन्ह कधी कधी इंग्रजी एम होऊन बसतं, मग मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम होतो आणि डोस हजारपट वाढतो. तक्त्यातले दशांशबिंदू मूळ एक्सेल फाइलशी एकाने मोठ्याने वाचून आणि दुसऱ्याने बघून ताडून घ्या. जिवाणूंची नावं तिरप्या अक्षरात राहिली आहेत का, तक्त्याखालच्या टिपा योग्य आकड्यांना लागल्या आहेत का, जीनबँकेचा नंबर उघडतो का, एवढं तपासून मगच परत पाठवा.